डुकरांच्या शेडमध्ये खोकला शिरला की: विषाणू आणि जिवाणूंची जोडी ओळखण्याची आणि मोडण्याची वाट

कोल्हापुरात म्हशीच्या आजाराबद्दल विचारलं तर दूध डेअरीच्या रांगेतला कुणीही दोन उपाय सांगतो. डुकराबद्दल विचारलं तर लोक दुसरीकडे बघतात. राष्ट्रीय पशुधन अभियानातलं ५० टक्के भांडवली अनुदान आणि हाकेच्या अंतरावरचं गोव्याचं मार्केट बघून चंदगड, आजरा, गडहिंग्लज, कागल भागातली बरीच पोरं वराहपालनाचा विचार करतात. शेड कसं बांधायचं, कुठली जात घ्यायची, खुराक किती, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. पण पहिल्या पावसाळ्यात शेडमध्ये ठसका सुरू झाला की करायचं काय, हे सांगणारं कुणी नसतं. मग मेडिकलमधून एक अँटिबायोटिक येतं, चार दिवस टोचलं जातं, काही जनावरं उठतात, काही मरतात आणि कशानं काय झालं ते शेवटपर्यंत कळत नाही.

हा लेख त्या नवख्यांसाठी आहे. शेडमधला खोकला बहुतेक वेळा एका जंतूचा नसतो. आधी एक येतो, दार उघडतो, आणि त्या दारातून दुसरा आत घुसतो. मारणारा पुष्कळदा दुसरा असतो. पहिला कोण आणि दुसरा कोण, हा प्रश्न विचारायची सवय लागली की औषधाचा निम्मा खर्च आपोआप ताळ्यावर येतो.

हे कळलं कधी?

१९३१ साली. अमेरिकेत रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या प्रिन्स्टन इथल्या विभागात रिचर्ड शोप नावाचा संशोधक आयोवा राज्यातल्या डुकरांच्या फ्लूवर काम करत होता. आजारी डुकरांच्या श्वसनमार्गातला स्राव त्यानं अशा गाळणीतून गाळला की जिवाणू मागे राहतील आणि त्याहून बारीक काही असेल तेवढंच पार जाईल. ते गाळलेलं पाणी निरोगी डुकरांना दिलं, तर आजार झाला पण सौम्य. आजारी जनावरांत सापडलेला हिमोफिलस गटातला जिवाणू एकटा दिला, तर काहीच झालं नाही. दोन्ही एकत्र दिले तेव्हा शेतावर दिसणारा खरा, जीवघेणा आजार उभा राहिला. डुकराच्या फ्लूचा विषाणू जगासमोर आला तो असा, जोडीदारासकट. माणसातला फ्लूचा विषाणू वेगळा करता आला तो त्यानंतर, १९३३ मध्ये. डुकरांवरच्या संशोधनानं याबाबतीत माणसांवरच्या संशोधनाला मागे टाकलं होतं, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

आजच्या भाषेत या सगळ्या गोतावळ्याला डुकरांचा संयुक्त श्वसनरोग म्हणतात. एक जंतू, एक रोग, एक औषध असा सरळ हिशेब इथं चालत नाही.

छातीत नेमकं काय घडतं

निरोगी डुकराच्या श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला बारीक केसांसारखे तंतू असतात आणि त्यांच्यावर चिकट द्रवाचा पातळ थर. साखर कारखान्यात गव्हाणीवरून ऊस जसा सतत पुढं सरकत राहतो, तसा हा थर धूळ, जंतू, शेणाचे कण घेऊन सतत घशाकडं सरकत असतो. तिथं पोचलेला माल डुक्कर गिळून टाकतं. याच्याही पुढं, फुप्फुसाच्या अगदी आतल्या फुग्यांमध्ये मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी गस्त घालतात. जे काही निसटून आत आलं ते त्या खातात. संरक्षणाच्या या दोन फळ्या आणि रक्तातली प्रतिकारशक्ती ही तिसरी. कुठला जंतू यातली कोणती फळी मोडतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं.

फ्लूचा विषाणू पहिल्या फळीवर येतो. तो तंतू असलेल्या पेशींतच वाढतो आणि त्या पेशी झडतात, म्हणजे वाहता थर थांबतो. विषाणूच्या अंगावर न्यूरॅमिनिडेज नावाचं एन्झाइम असतं. ते पेशींवरची सायलिक अॅसिड नावाची साखर छाटतं आणि खालच्या जागा उघड्या पडतात. जिवाणूंना चिकटायला आयतीच जागा मिळते. स्ट्रेप्टोकॉकस सुइस या जिवाणूची गोष्ट आणखी मजेशीर आहे. त्याच्या सिरोटाइप २ या उपप्रकाराच्या कवचावरच सायलिक अॅसिड असतं. फ्लूचा विषाणू ज्या साखरेला धरतो तीच ही साखर, त्यामुळे विषाणू आणि जिवाणू एकमेकांना थेट चिकटू शकतात आणि फ्लू झालेल्या पेशीवर हा जिवाणू जास्त संख्येनं बसतो.

पीआरआरएस, म्हणजे डुकरांचं प्रजनन आणि श्वसन दोन्ही बिघडवणारा रोग. त्याचा विषाणू सरळ दुसऱ्या फळीत घुसतो. त्याची आवडती पेशी म्हणजे फुप्फुसातली भक्षक पेशीच. तिच्यावरच्या सीडी१६३ नावाच्या प्रथिनाला धरून तो आत जातो आणि तिला मारतो. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत बसून रक्त गाळणाऱ्या भक्षक पेशींचीही तीच गत होते. म्हणून पीआरआरएस झालेल्या पिल्लांत स्ट्रेप्टोकॉकस फुप्फुसापुरता थांबत नाही. तो रक्तात उतरतो, सांध्यात जातो, मेंदूच्या आवरणात जातो. पिल्लू लंगडतंय, आडवं पडून पाय मारतंय आणि शेडमध्ये खोकलाही आहे, असं दिसलं तर या जोडीची शंका घ्यायची. पीआरआरएस हा रोग अमेरिकेत १९८७ च्या सुमारास ध्यानात आला, विषाणू १९९१ मध्ये नेदरलँड्समधल्या लेलिस्टाड इथं सापडला, आणि भारतात त्याची पहिली साथ २०१३ मध्ये मिझोराममध्ये नोंदली गेली. तो गाभण माद्यांत उशिराचे गर्भपात आणि मेलेली पिल्लंही घडवतो. म्हणजे एकाच महिन्यात मादी गाभडली आणि पिल्लं खोकायला लागली, तर या दोन घटना वेगळ्या धरू नका.

सर्कोव्हायरस, म्हणजे पीसीव्ही-२, तिसरी फळी पोखरतो. लसिका ग्रंथींतल्या पेशी कमी होतात, पिल्लं वाळत जातात, अंगावर फिकटपणा येतो. एकटा असताना तो पुष्कळदा गप्प बसतो. सोबत मायकोप्लाझ्मा नावाचा जिवाणू किंवा पीआरआरएस आला की तोच शेड रिकामं करतो.

आता मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनी. हा जिवाणू असूनही दार उघडणाऱ्यांच्या टोळीतला आहे, आणि आपल्याकडं नवख्यांची सर्वात जास्त फसवणूक तोच करतो. हा तंतूंनाच चिकटतो, त्यांची हालचाल थांबवतो, मग ते झडतात. त्याची चाल मंद असते. कोरडा, चिवट खोकला साधारण दोन ते पाच महिन्यांच्या डुकरांत दिसतो, जनावर खातंपितं, मरत नाही, फक्त वजन धरत नाही. म्हणून मालक दुर्लक्ष करतो. पण तो फुप्फुसात दाह पेटता ठेवतो, त्या दाहाकडं नव्या भक्षक पेशी ओढल्या जातात, आणि पीआरआरएसला नेमक्या त्याच पेशी हव्या असतात. या दोघांची गाठ पडली की न्यूमोनिया जास्त पसरतो आणि जास्त दिवस रेंगाळतो, हे प्रयोगांत वारंवार दिसलंय. पीआरआरएसची लागण चालू असताना मायकोप्लाझ्माची लस दिली तर तिचा गुणही कमी येतो. आजारी जनावराला लस टोचू नका असं डॉक्टर म्हणतात ते उगाच नाही.

पाश्चुरेला मल्टोसिडा, बोर्डेटेला, हिमोफिलस पॅरासुइस, स्ट्रेप्टोकॉकस हे मागून घुसणारे. यातले बरेच निरोगी डुकराच्या नाकात आणि टॉन्सिलमध्ये आधीपासूनच बसलेले असतात. बाहेरून यायची त्यांना गरजच नसते, संधी मिळाली की झालं. हिमोफिलस पॅरासुइसचं हल्ली ग्लेसरेला असं बारसं झालंय, पण जुन्या रिपोर्टांत जुनंच नाव भेटेल. अॅक्टिनोबॅसिलस प्लुरोन्यूमोनी मात्र या रांगेत बसत नाही. त्याची विषं भक्षक पेशी आणि तांबड्या पेशी स्वतःच फोडतात. काल खात असलेलं चांगलं जनावर आज नाकातोंडाला रक्ताळ फेस येऊन मेलेलं सापडतं. त्याला कुणाची मदत लागत नाही, मिळाली तर घेतो.

दोन जंतू भेटले की दर वेळी दुप्पट नुकसान होतं असंही नाही. काही जोड्या एकमेकांना जोर देतात, काहींचा परिणाम थोडेच दिवस टिकतो, आणि दोन विषाणू एकत्र आले की कधी कधी एक दुसऱ्याची वाढ अडवतो. म्हणून पुढच्या पायऱ्यांत अंदाजापेक्षा निरीक्षणावर भर आहे.

पहिली पायरी: हात लावायच्या आधी बघा आणि लिहून ठेवा

सकाळी खुराक टाकण्याआधी शेडच्या दाराशी उभं राहा. डुकरं उठवा, दोन मिनिटं थांबा, मग पाच मिनिटं एका कप्प्यातले खोकले मोजा. किती जनावरं, किती खोकले, कुठला कप्पा, वय किती, एवढं वहीत लिहा. रोज त्याच वेळी. आकडा वाढतोय की उतरतोय यातून जे कळतं ते एकदा बघून कळत नाही.

श्वास मोजायचा तो निजलेल्या जनावराचा, थंड वेळी. वाढत्या डुकराचा साधारण मिनिटाला २५ ते ४० असतो. पोट भात्यासारखं आत-बाहेर होत असेल, जनावर कुत्र्यासारखं बसून धाप टाकत असेल, तर फुप्फुस भरलंय. ताप गुदद्वारात थर्मामीटर घालूनच बघा, कानाला हात लावून नव्हे. १०२ ते १०३ फॅरनहाइटच्या आसपास ठीक, १०४ च्या वर गेला की ताप.

मग कालरेषा मांडा. फ्लू एका दिवसात अख्खं शेड पाडतो. सगळी डुकरं ढिगानं पडून राहतात, उठवली की भुंकल्यासारखी खोकतात, आणि निव्वळ फ्लू असेल तर पाच ते सात दिवसांत जशी पडली तशी उठतात. मरतुक फार थोडी. पण सहाव्या-सातव्या दिवशी काही जनावरांना पुन्हा ताप चढला, श्वास पोटावर आला, तर तो दुसऱ्या घुसखोराचा दिवस. याउलट खोकला एका कप्प्यातून दुसऱ्यात आठवड्या-आठवड्यानं रांगत गेला असेल तर मायकोप्लाझ्माकडं बोट जातं.

खोकणाऱ्या प्रत्येक जनावराला संसर्गच असतो असंही नाही. पोटातल्या मोठ्या जंतांच्या अळ्या यकृतातून फुप्फुसात जातात आणि तिथं असताना धाप लावतात. मोकळ्यावर गांडुळं खाणाऱ्या डुकरांत फुप्फुसातले जंतही होतात. बुरशी लागलेल्या मक्यातलं फ्युमोनिसिन नावाचं विष फुप्फुसात पाणी भरतं. जुलैत कमी भावानं मिळालेला ओलसर मका घेतला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

दुसरी पायरी: आधी दोन मोठे रोग वगळा

आफ्रिकन स्वाइन फीवर २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलमध्ये आला आणि तेव्हापासून देशात ठाण मांडून आहे. त्यावर आपल्याकडं लस नाही, औषध नाही. क्लासिकल स्वाइन फीवरवर लस आहे आणि ती प्रत्येक कळपाला दिलेलीच असली पाहिजे. दोन्हींत तीव्र ताप, खाणं बंद, कानांवर-पोटावर-पायांवर लाल-जांभळे चट्टे, लागोपाठ मरतुक. दोन्हींत श्वासाचा त्रासही दिसू शकतो, म्हणून नवखा माणूस त्यांना न्यूमोनिया समजून टोचत बसतो. हे दोन्ही रोग माणसाला होत नाहीत, पण एक आख्खा तालुका डुकरांपासून रिकामा करू शकतात.

असं चित्र दिसलं तर मेलेलं जनावर फाडू नका, विकू नका, ओढ्यात टाकू नका. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंधक कायद्यानं अशा रोगांची शंका कळवणं मालकावर बंधनकारक आहे. लपवून ठेवण्याकडं आपला कल असतो. शेजारी काय म्हणतील, गावात शेड ठेवू देतील का. भीती खरी आहे, पण चार दिवस लपवलेला रोग चार गावांत जातो, आणि मग शेड मुळीच ठेवू देत नाहीत.

नाकातोंडातून, गुदद्वारातून न गोठणारं काळं रक्त येऊन अचानक मेलेलं जनावरही फाडायचं नाही. ती काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, असू शकते.

तिसरी पायरी: पहिली सुई टोचायच्या आधी नमुना

“मागल्या टायमाला ह्याच इंजेक्शननं बरं वाटलं हुतं की, डॉक्टर.” हे वाक्य प्रत्येक डॉक्टरनं ऐकलेलं असतं. बरं वाटलं असेल, पण त्या वेळी दुसरा घुसखोर कुठला होता हे कुणी तपासलं होतं? आणि फ्लू असेल तर जनावरं आठवड्यात उठतात, पाणी टोचलं तरी उठतात.

अँटिबायोटिक सुरू झालं की जिवाणूची वाढ प्रयोगशाळेत मिळणं अवघड होतं. म्हणून आधी नमुना. फ्लूसाठी नाकातला बोळा ताप चढल्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच घ्यावा लागतो, आणि तोही नुकत्याच तापलेल्या जनावराचा. दोन आठवडे खोकणाऱ्या, वाळलेल्या पिल्लात फ्लू शोधून सापडणार नाही, तो केव्हाच निघून गेलेला असतो. कप्प्यात सुती दोर टांगून डुकरांना अर्धा तास चावू द्यायचा आणि पिळून लाळ गोळा करायची, ही युक्ती पीआरआरएस आणि फ्लूच्या पीसीआर तपासणीसाठी उपयोगी पडते. जनावराला धरावं लागत नाही, किंचाळणं नाही. नवख्यानं डॉक्टरांच्या सांगण्यावरून हा एक नमुना तरी नीट घ्यायला शिकावं.

नुकतंच मेलेलं, औषध न दिलेलं जनावर असेल आणि वरचे धोके डॉक्टरांनी वगळले असतील, तर शवविच्छेदन त्यांच्याकडूनच करून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा. फुप्फुसाचे पुढचे-खालचे भाग जांभळट-करडे आणि घट्ट झालेत, तर मायकोप्लाझ्मा आणि त्याच्यामागून आलेला पाश्चुरेला. मागचा-वरचा भाग रक्ताळ, काळसर, वरच्या आवरणाला चिकटलेला, तर अॅक्टिनोबॅसिलस. सगळंच फुप्फुस फुगलेलं, न बसणारं, ठिपकेदार, तर पीआरआरएस किंवा सर्कोव्हायरसचा संशय. छातीत, पोटात, हृदयाच्या आवरणात पिवळट-पांढरे धागे, तर हिमोफिलस पॅरासुइस किंवा स्ट्रेप्टोकॉकस. प्रत्यक्षात दोन-तीन चित्रं एकाच फुप्फुसात सापडतात. गोंधळून जाऊ नका, या लेखाचा विषयच तो आहे.

तुकडा घ्यायचा तो चांगल्या आणि बिघडलेल्या भागाच्या सीमेवरचा. जिवाणूच्या तपासणीसाठी बर्फावर, गोठवायचा नाही. पेशींच्या तपासणीसाठी वेगळा तुकडा १० टक्के फॉर्मेलिनमध्ये. नमुने स्थानिक दवाखान्याच्या पत्रासह पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडं जातात. पश्चिम विभागाची प्रादेशिक निदान प्रयोगशाळा तीच आहे. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही पुण्याच्याच वाटेवर आहे, तिथल्या डॉक्टरांचा सल्ला मिळतो. पत्रात जनावरांची वयं, कालरेषा, आधीची औषधं, लशी सगळं लिहा. नुसतं “खोकला” लिहून पाठवलेल्या नमुन्याचं उत्तरही तेवढंच येतं.

चौथी पायरी: औषध कशासाठी देतोय ते आधी ठरवा

विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. ते देतो ते दुसऱ्या घुसखोरासाठी. म्हणून साध्या फ्लूच्या पहिल्या दिवशी सगळ्या कळपाला टोचण्यापेक्षा पाणी, कोरडी जागा, डॉक्टरांनी सांगितलेलं तापाचं औषध आणि पहारा जास्त कामाचा. ताप परतला, श्वास पोटावर आला, की त्या जनावरांना ताबडतोब.

औषधाची निवड डॉक्टरांची, पण दोन गोष्टी मालकानं स्वतः लक्षात ठेवाव्यात. पहिली, मायकोप्लाझ्माला पेशीची भिंतच नसते. पेनिसिलिन आणि त्याचे भाऊबंद ती भिंत बांधण्याच्या कामातच खोडा घालतात, म्हणून मायकोप्लाझ्मावर ते निरुपयोगी आहेत. पेनिसिलिननं ताप उतरला पण खोकला महिनाभर तसाच राहिला, तर मागून आलेला गेला आणि दार उघडणारा आतच आहे, असं समजा.

दुसरी गोष्ट जिवावर बेतणारी आहे. मायकोप्लाझ्मासाठी टियाम्युलिन नावाचं चांगलं औषध वापरतात. आपल्याकडं पुष्कळजण डुकरांना ब्रॉयलर कोंबड्यांचं खाद्य चारतात. त्या खाद्यात कॉक्सिडिया रोगासाठी सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन अशी औषधं मिसळलेली असू शकतात. टियाम्युलिन आणि हे खाद्य एकत्र गेलं तर डुकरांचे स्नायू सडतात, पाय लुळे पडतात, जनावरं मरतात. काय चारता ते डॉक्टरांपासून लपवू नका.

डोस वजनावर ठरतो आणि काटा नसतो. मोजपट्टीनं पुढच्या पायांच्या मागचा छातीचा घेर आणि दोन कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी मीटरमध्ये घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९.३ केलं की किलोमध्ये अंदाजे वजन मिळतं. घेर ०.९ आणि लांबी १ मीटर असेल तर साधारण ५६ किलो. सुई मानेत, कानाच्या मागे. मांडीत टोचलं की गाठ राहते आणि मांस कापणारा ते पहिल्यांदा बघतो.

आजारी डुक्कर खाणं सोडतं पण पाणी पुष्कळदा पितं, त्यामुळे कळपाला द्यायचं औषध खुराकापेक्षा पाण्यातून बरं. सांगितलेले दिवस पूर्ण करा आणि औषध बंद केल्यावर पाळायचा, लेबलवर लिहिलेला काळ संपेपर्यंत जनावर कत्तलीला पाठवू नका. कोलिस्टिन नावाचं अँटिबायोटिक दुकानात जुना साठा म्हणून कुणी दिलंच तर घेऊ नका. खाद्यासाठीच्या प्राण्यांत त्यावर २०१९ पासून बंदी आहे.

पाचवी पायरी: हवा

माझ्या मते जिल्ह्यातल्या निम्म्या खोकल्यांचं मूळ ताडपत्रीत आहे. जूनमध्ये पाऊस आडवा मारायला लागला की शेडच्या चारी बाजू प्लास्टिकनं गच्च बांधतात. पाऊस थांबतो, हवाही थांबते. मुतातला अमोनिया आत कोंडतो. २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) वर तो गेला की डोळे चुरचुरायला लागतात, आणि श्वासनलिकेतल्या त्या तंतूंना तो जंतूंच्या आधीच लंगडं करतो. म्हणजे विषाणूचं निम्मं काम मालकानंच केलेलं असतं.

तपासायचा मार्ग फुकट आहे. सकाळी शेडमध्ये जाऊन डुकराच्या नाकाच्या उंचीवर वाका आणि मिनिटभर श्वास घ्या. उभ्या माणसाला कळत नाही, कारण पाणी आणि मूत खाली असतं. डोळ्यांना पाणी आलं तर छपराखाली वरच्या बाजूला सगळीकडून दीड-एक फूट फट मोकळी ठेवा. पडदा वरून खाली उघडणारा हवा, खालून वर गुंडाळणारा नको. खालून गुंडाळला की गार झोत थेट निजलेल्या पिल्लांवर येतो. गगनबावड्याकडं, आजऱ्याकडं जिथं पाऊस चारी दिशांनी झोडपतो तिथं छप्परच बाहेर तीन-चार फूट काढून ठेवणं प्लास्टिकपेक्षा शहाणपणाचं.

पावसाळ्यात शेड दिवसातून दोनदा पाइपनं धुण्याचा सोसही सोडा. आधी शेण कोरडंच खरवडून बाहेर काढा, मग दुपारी एकदा धुवा, म्हणजे रात्रीपर्यंत जमीन वाळते. पिल्लांच्या कोपऱ्यात उसाचं कोरडं पाचट चालतं. भिजून बुरशी धरलेलं पाचट आणि धूळ उडणारा भुसा मात्र छातीचे शत्रूच.

डिसेंबर-जानेवारीत उलटा प्रकार. दुपारी उकडतं, पहाटे पारा उतरतो, आणि पिल्लं एकमेकांवर चढून झोपतात. ढीग दिसला की थंडी वाजतेय, लांब लांब पसरून धापा टाकत असतील तर उकडतंय. शंभर किलोच्या डुकराला किमान दहा चौरस फूट जागा द्या. दाटी झाली की एकाच्या खोकल्याचे तुषार दुसऱ्याच्या नाकात जायला वेळ लागत नाही.

सहावी पायरी: मिसळामिसळ बंद

वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या घरची पिल्लं एका कप्प्यात टाकणं म्हणजे जंतूंची ओळखपरेड भरवणं. एकाच्या नाकात पाश्चुरेला, दुसऱ्याच्या अंगात पीआरआरएस, दोघंही वरून ठणठणीत. बाजारातून गोळा केलेल्या पिल्लांत पंधरा दिवसांत जो खोकला उठतो तो इथून येतो. शक्यतो एकाच खात्रीच्या फार्मवरून घ्या आणि किमान ३० दिवस मुख्य शेडपासून लांब, वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या बुटांत ठेवा. पीआरआरएसचा विषाणू वरून बऱ्या दिसणाऱ्या डुकरात काही महिने दडून राहू शकतो, म्हणून ३० दिवसांनीही शक्य असेल तर रक्त तपासून मगच आत.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात शिरोळ-करवीर भागात जनावरं मिळेल त्या उंचवट्यावर एकत्र ठेवावी लागली. तशी वेळ पुन्हा आलीच तर परत आणलेल्या डुकरांना नवी खरेदी समजून तेच तीस दिवस पाळा.

कामाची दिशा लहान पिल्लांकडून मोठ्यांकडं, आणि आजारी कप्पा सर्वात शेवटी. दारातलं जंतुनाशकाचं टाकं रोज बदला. शेणानं भरलेल्या बुटाला जंतुनाशक लागू पडत नाही, आधी बूट घासून धुवा.

हॉटेल, मंगल कार्यालयाचं खरकटं आणत असाल तर ते ढवळत ९० अंश सेल्सियसला तासभर शिजवूनच द्या. डुकराच्या मांसाचा एक कच्चा तुकडा आफ्रिकन स्वाइन फीवर आणायला पुरतो. तांबड्या रश्श्याच्या पातेल्यातलं मीठही विसरू नका, पाणी कमी मिळालं तर मिठानं विषबाधा होते.

सातवी पायरी: शेडमध्ये जाणारी माणसं

फ्लू डुकराकडून माणसाकडं येतो आणि माणसाकडून डुकराकडंही जातो. २००९ च्या साथीत भारतातला पहिला बळी पुण्यात गेला, तेव्हा लोकांनी डुकराला शिव्या घातल्या. नंतर जगभर ठिकठिकाणी तोच विषाणू माणसांनी डुकरांना दिला. ताप-सर्दी असलेल्या कामगाराला आठवडाभर शेडबाहेर ठेवा, पगार न कापता. कापला तर तो सांगणारच नाही.

स्ट्रेप्टोकॉकस सुइस हाताच्या जखमेतून माणसाच्या रक्तात जाऊ शकतो. त्यातून मेंदूज्वर होतो आणि कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. शवविच्छेदन, मांस कापणं, मेलेली पिल्लं उचलणं हे हातमोज्यांशिवाय नको. अशा कामानंतर ताप, मान आखडणं, ऐकू कमी येणं जाणवलं तर दवाखान्यात “मी डुकरांत काम करतो” हे पहिलं वाक्य सांगा.

पुढची बॅच

कप्पा पूर्ण रिकामा करा, शेण काढा, साबणाच्या पाण्यानं घासा, वाळवा, मग जंतुनाशक मारा आणि पुन्हा कोरडा पडू द्या. उन्हाळ्यात हे आठवड्यात होतं, पावसाळ्यात दुप्पट वेळ धरा. फ्लू आणि मायकोप्लाझ्मा कोरड्या, रिकाम्या जागेत फार टिकत नाहीत, पण दोन जनावरं जरी कोपऱ्यात मागे ठेवली तरी ती पुढच्या बॅचला वारसा देतात. क्लासिकल स्वाइन फीवरची लस साधारण दोन महिन्यांच्या वयाला, पुढं दरवर्षी. मायकोप्लाझ्मा आणि सर्कोव्हायरसच्या लशी मिळत असतील तर कळपात खरोखर तो जंतू आहे का हे तपासणीवरून ठरवून मगच पैसे घाला. कत्तलीला गेलेल्या पहिल्या आठ-दहा जनावरांची फुप्फुसं कापणाऱ्याकडून मागून बघा, पुढचा-खालचा भाग किती घट्ट झालाय ते फोटो काढून ठेवा, आणि नव्या पिल्लांची ऑर्डर देण्याआधी ते डॉक्टरांना दाखवा.